एका मालमोटारीची पारख

खेळण्याची पारख करणें हें मुलांचें काम. मुलाच्या हातीं एखादें खेळणें दिलें म्हणजे दोन दिवसांत तो त्याची जी परीक्षा पाहतो, ती कोणत्याही कारखान्यांतील परीक्षकाला साधावयाची नाहीं. तथापि गेल्या पावसाळ्यांत, वयाची पन्नाशी गांठली असतां, एका खेळण्याची रीतसर पारख करण्याचा प्रसंग मजवर आला. खेळणें माझेंच होतें. मी दहा वर्षांचा असतांना तें मला मिळालें, आणि आतां तें विकावयाचें होतें. मुलीस कऱ्हाडास अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला होता. फी कशीबशी भरली, पण वसतिगृहाची अनामत आणि पुस्तकें हीं राहिलीं होतीं.

आमचें घर पाटणास, केरा नदी कोयनेस मिळते तेथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझे वडील, ज्यांस आम्ही आबा म्हणत असूं, ते कऱ्हाड-चिपळूण रस्त्यावर ट्रक चालवीत. जातांना गूळ, कांदा, साखरेचीं पोतीं. येतांना कौलें, मीठ किंवा सुकी मासळी. पाटण सोडलें कीं कोयनानगर, मग हेळवाक, आणि त्यापुढें कुंभार्ली घाट. श्रावणांत त्या घाटांत धुकें असें उतरतें कीं पुढच्या गाडीचा तांबडा दिवा दिसेल तेवढाच रस्ता. आबा रात्रीं उशिरा घरीं येत, तेव्हां त्यांच्या कपड्यांस डिझेलचा आणि गुळाचा मिळून एक वास येई. तसा वास अजूनही कोठें आला तर मी मान वळवून पाहतों.

आमच्या तालुक्यांत घरटीं एक माणूस मुंबईस असतो. माझे मामा मुंबईच्याही पुढें गेले. ते बोटीवर खलाशी होते. इ. स. १९८६ च्या दिवाळीस ते सिंगापुराहून एक मोठें खोकें घेऊन आले. खोक्यावर ठळक इंग्रजी अक्षरांत ‘ट्रान्सफॉर्मर्स’ असें लिहिलेलें होतें, आणि ‘ऑप्टिमस प्राइम’ हें नांव. आंत एक मालमोटार होती. पुढें तांबडी केबिन, मागें राखी रंगाचा लांब ट्रेलर. मामांनीं केबिन ट्रेलरपासून सोडविली आणि तिचा मागचा भाग ओढून लांब केला, ते झाले निळे पाय. दोन्ही बाजू बाहेर वळविल्या, त्या झाल्या भुजा. टपाच्या मागून एक डोकें वर काढलें. आणि दोन सुट्या मुठी मनगटांत खोंवल्या. ओसरीवर वीतभर उंचीचा यंत्रमानव उभा राहिला. आळींतलीं सारीं मुलें जमलीं होतीं, पण कोणी शब्द काढला नाहीं.

आबांनीं मात्र त्या यंत्रमानवाकडे फारसें पाहिलें नाहीं. “पुन्यांदा गाडी कर,” ते म्हणाले. गाडी झाल्यावर ते ओसरीवर पालथे झाले आणि एक डोळा मिटून तिच्या खालून पाहूं लागले. टायर नखानें दाबून पाहिले. ते खरोखरीचे रबराचे होते. ट्रेलरची खुंटी केबिनच्या मागच्या छिद्रांत बसते, ती दोनदां काढून घातली व “जोडणी खरी हाय” असा शेरा दिला. मग म्हणाले, “हिला नाक न्हाई.”

त्या काळीं आमच्या रस्त्यावर टाटांच्या नाकाच्या गाड्या फार. इंजिन पुढें, ड्रायव्हर त्याच्या मागें. ह्या गाडीचें तोंड भिंतीसारखें सपाट होतें. त्याचें कारण मला पुष्कळ वर्षांनीं समजलें. अमेरिकेंत पूर्वीं गाडी व ट्रेलर मिळून एकंदर लांबी किती असावी याला कायद्याचें बंधन होतें. माल अधिक न्यावयाचा तर केबिन आंखूड पाहिजे, म्हणून केबिन इंजिनाच्या डोक्यावरच बसवीत. १९८२ सालच्या कायद्यानें मोठ्या राजमार्गांवर तें बंधन सैल झालें, आणि पुढें तिकडे नाकाच्याच गाड्यांचा सुकाळ झाला. २००७ सालच्या चित्रपटांत ह्याच ऑप्टिमस प्राइमला लांबलचक नाक आलें. आबांनीं तो चित्रपट आमच्या घरीं दूरदर्शनसंचावर पाहिला, आणि लढाया चालू असतां एवढेंच म्हणाले, “आता सुधारला.”

परंतु दिवाळीच्या त्या संध्याकाळची गोष्ट सांगावयाची राहिली. गाडीच्या पुढील कांचा उघडतात. आबांनीं त्या नखानें उघडल्या. आंत बसण्यापुरती लहानशी जागा होती आणि ती रिकामी होती.

“ह्या गाडीचा ड्रायव्हर कुठं हाय?” आबांनीं विचारलें.

मामांनीं खोक्यावरील मजकूर वाचून सांगितलें कीं ही गाडी जिवंत आहे. ती दुसऱ्या ग्रहावरून आली आहे. तिला ड्रायव्हर लागत नाहीं.

“मग बसाय जागा कशापायी ठेवलीया?”

याला मामांजवळ उत्तर नव्हतें. आबांनीं कांचा लावून टाकल्या. पुढच्या फेरीस निघतांना त्यांनीं एक काडी त्या जागेंत घालून मोडून घेतली व खिशांत ठेवली. परत आले तेव्हां त्यांच्याजवळ सागाच्या चिपेचा कोरलेला, बोटाच्या पेराहून थोडा मोठा, एक माणूस होता. गुडघे दुमडलेले, दोन्ही हात पुढें, जणूं चाक धरलें आहे. डोक्यावर टोपी, आणि टोपीला चुना. तो त्या जागेंत असा बसला कीं जागा त्याच्यासाठींच केली असावी.

पुढच्या आषाढांत केरेच्या पाण्यांत खेळतांना मीं यंत्रमानवाची डावी मूठ घालविली. रडून झाल्यावर आबांनीं तीही कोरून दिली. साग संपला होता म्हणून आंब्याच्या फळीची. ती मनगटांत जरा घट्ट बसे. आबांनीं ती अंगठ्यानें दाबून बसविली आणि “आता नदीत पडायची न्हाई” असें म्हणाले. ती पडली नाहीं हें खरें.

त्याच सुमारास घडलेली एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे, कारण तिच्यावांचून पुढचें समजावयाचें नाहीं. १९८९ सालीं आबांनीं स्वतःची गाडी घेण्याचें मनांत आणलें. जुनी गाडी विकाऊ आहे असें कळल्यावरून ते मला बरोबर घेऊन एका गांवीं गेले. गाडी नुकती रंगविलेली, पुढें झेंडूची माळ, मागें मोर काढलेला. मालक चहा सांगून गाडीचे गुण सांगूं लागला. आबा चहा न घेतां बॅटरी माझ्या हातीं देऊन गाडीखालीं शिरले. मी उजेड धरला होता. ते पाटे पाहत पाहत मागें सरकले, चेसिसच्या एका ठिकाणीं थांबले आणि खिशांतून नाणें काढून तेथील काळा रंग खरवडूं लागले. रंगाखालून वेल्डिंगची शीव निघाली. चेसिस एकदां तुटलेली होती.

मालक म्हणाला, “लई मजबूत केलंय. नव्याहून घट्ट हाय.”

आबा हात पुसत म्हणाले, “आसंल घट्ट. पर तू सांगितलं न्हाईस.”

आणि आम्ही एस. टी. धरून परत आलों. वाटेंत मीं विचारलें कीं जोड मजबूत होता, तर गाडी कां घेतली नाहीं. आबा झोंपले होते, किंवा झोंपल्यासारखें केलें होतें. स्वतःची गाडी त्यांनीं पुढें कधींच घेतली नाहीं, दुसऱ्याचीच चालविली. २०११ सालीं ते गेले.

गेल्या आषाढांत माझ्या भाच्यानें मला सांगितलें कीं जुन्या ट्रान्सफॉर्मर्सना आतां चांगली किंमत येते, आणि पुण्यांतील एका संग्राहकाची गांठ घालून दिली. हा तरुण मनुष्य फोनवर बोलत असे. खेळण्याविषयीं कोणी मनुष्य इतक्या गंभीरपणें बोलूं शकतो याची मला कल्पना नव्हती. त्यानें पहिलाच प्रश्न केला, “खोकें आहे का?” खोकें आईनें कधींच चुलींत घातलें होतें. मग त्यानें एक एक प्रश्न विचारावयास आरंभ केला, आणि मी लोखंडी ट्रंकेंतून तें खेळणें काढून कंदिलाऐवजीं मुलीच्या फोनच्या उजेडांत पाहूं लागलों.

त्याच्या प्रश्नांत अर्थ होता. त्यामुळें हें खेळणें मला नव्यानें समजलें. केबिनच्या दोन्ही अंगांस धुराचीं चकचकीत नळकांडीं आहेत, तीं लांब कीं आंखूड असें त्यानें विचारलें. २००२ सालीं अमेरिकेंत हें खेळणें पुन्हां काढलें, तेव्हां मुलांना लागूं नये म्हणून तीं आंखूड केलीं होतीं. तेव्हां लांब असतील तर जुन्या घडणीचा एक पुरावा मिळाला. आमचीं लांब निघालीं. ओतीव धातूच्या भागावर कंपनीचा छाप आहे का? होता. घांसली असतां चिन्ह उमटणारी टिकली आहे का? ही टिकली १९८५ पासून नकली मालापासून खरा माल ओळखूं यावा म्हणून लावूं लागले. अंगठ्याच्या ऊबेनें तिच्यांत चिन्ह दिसतें. लहानपणीं मी ती चुलीजवळ नेऊन शेंकीत असें. आतां कितीही घांसली तरी ती काळीच राहिली. हें वय झाल्याचें लक्षण आहे, नकलीपणाचें नव्हे, असें त्यानें मला दिलासा देऊन सांगितलें. चकचकीत मुलामा कोठें उडाला, चिकटपट्ट्या किती उरल्या, ट्रेलरच्या दाराचे बिजागर शाबूत आहेत का, ट्रेलरमधून कमानीनें सुटणारी लहान गाडी आहे का, तिच्या चाकांसह? ती होती. क्षेपणास्त्रें नव्हतीं. तीं पहिल्याच वर्षीं आमच्या कोंबड्यांवर खर्ची पडलीं.

मुलांनीं हात न लावलेलीं खेळणीं तरी टिकतात अशी माझी समजूत होती. तीही त्यानें काढून टाकली. ह्याच जातीच्या कांहीं खेळण्यांत पुढें सोनेरी झांक असलेलें प्लॅस्टिक वापरलें. तें खोक्यांतल्या खोक्यांत ठिसूळ होऊन, पंचवीस-तीस वर्षांनीं प्रथमच हातीं घेतांना विस्कटतें. शेजारच्या गोव्यांत फनस्कूलच्या कारखान्यांत निघालेल्या जी. आय. जो नांवाच्या शिपायांसाठीं परदेशांतील संग्राहक धडपडतात, हेंही त्याच्याकडूनच कळलें. आपल्याकडे तीं मुलांनीं मातींत पुरलीं.

आतां खेळणें म्हणून माझा स्वतःचा अभिप्राय विचाराल तर सांगतों. गाडी म्हणून हें उत्तम आहे. यंत्रमानव म्हणून बेताचें. हात वळतात, पण कंबर फिरत नाहीं; लढावयाचें तर सबंध उचलून आपटावें लागतें. मुठी सुट्या ठेवणें ही तर ज्यानें केली त्याला मुलें नसावींत. शिवाय गाडीचा मनुष्य झाला कीं ट्रेलर पोरका पडतो. २००३ सालीं जपानांतील टाकारा कंपनीनें मोठ्या माणसांसाठीं ह्याचीच एक फूटभर उंचीची जड आवृत्ति काढली, आणि २०११ सालीं ट्रेलरसह दुसरी. तींत सांधे पुष्कळ आहेत असें चित्रांवरून दिसतें. परंतु भाच्याच्या मुलाजवळील नव्या चित्रपटांतील खेळण्याची मालमोटार करतांना मी पाऊण तास घालविला, आणि शेवटीं एक हात टपावर तसाच उरला. आमचें हें जुनें दहा वर्षांच्या मुलाला अंधारांत, गोधडीखालीं, बदलतां येतें. मीं बदललें आहे.

आणखी एक गोष्ट. ज्या १९८६ सालीं तें पाटणांत आलें, त्याच वर्षीं अमेरिकेंत निघालेल्या चित्रपटांत ह्या ऑप्टिमस प्राइमला मारून टाकलें होतें. नवीं खेळणीं बाजारांत आणावयाचीं होतीं. जुनीं वाटेंतून दूर व्हावयास पाहिजे होतीं. तिकडच्या मुलांनीं नाट्यगृहांत इतका आकांत केला कीं पुढच्या वर्षीं त्याला पुन्हां जिवंत करावें लागलें. आम्हांला येथें याचा पत्ताच नव्हता. आमच्या ओसरीवर तो सबंध वेळ जिवंत होता आणि ड्रायव्हर त्याला चालवीत होता.

असो. संग्राहकाला छायाचित्रें पाठवावयाचीं होतीं. लांकडी मूठ आहे हें मीं त्याला प्रथमच सांगितलें होतें, आणि त्यानें तेवढी किंमत कमी धरून एक आंकडा सांगितला होता. त्या आंकड्यांत अनामत व पुस्तकें बसत होतीं. छायाचित्र काढण्यापूर्वीं धूळ पुसावी म्हणून मीं ती मूठ ओढली. ती निघेना. जरा फिरवून ओढली तेव्हां निघाली, आणि मनगटाच्या भोंकापासून कोंपराकडे गेलेली केंसाएवढी चीर मला दिसली. आंब्याचें लांकूड पाटणच्या प्रत्येक पावसाळ्यांत फुगलें होतें, आणि दर वेळीं थोडें थोडें करून त्यानें तो हात फोडला होता. मूठ परत बसविली तर चीर दिसत नसे. मुठीच्या कडेनें ती बरोबर झांकली जाई.

माझी बायको जवळ बसून शेंगा फोडीत होती. ती म्हणाली, “त्यांनीं विचारलंय का हाताचं?” त्यानें विचारलें नव्हतें. इतक्या प्रश्नांत तेवढाच प्रश्न राहिला होता. मीं मूठ बसवून छायाचित्रें काढलीं आणि तीं न पाठवितां निजलों.

मला राग आला होता हें कबूल केलें पाहिजे, आणि तो आबांवर आला होता. सागाची एवढीशी चीप त्यांना मिळाली असती तर हें झालें नसतें. मग वाटलें कीं नदींत मूठ कोणीं घालविली? रात्रभर पाऊस कौलांवर वाजत होता. पहांटे कुंभार्लीकडे जाणाऱ्या गाड्या गिअर बदलीत वर चढूं लागल्या, तेव्हां मी उठलों, मूठ काढली, चिरेवर उजेड धरून आणखी एक छायाचित्र काढलें आणि सारीं एकदम पाठवून दिलीं.

दोन तासांनीं फोन आला. त्यानें किंमत चौथा हिस्सा उतरविली. मी कांहीं बोललों नाहीं. मग तो म्हणाला कीं मी स्वतः येऊन घेऊन जाईन, टपालानें पाठवूं नका, हात वाटेंतच जाईल.

तो रविवारीं पुण्याहून एस. टी. नें आला. वयानें माझ्या भाच्याएवढा. बूट बाहेर काढून, हात धुऊन, मग त्यानें खेळणें हातीं घेतलें. त्याच्या तपासणीची तऱ्हा पाहून माझी आई आंतून बाहेर आली आणि दारांत उभी राहिली. तोही पालथा होऊन एक डोळा मिटून खालून पाहत होता.

मग त्यानें केबिनच्या कांचा उघडल्या आणि थांबला.

“हा कोणी केला?”

मीं सांगितलें. तेव्हां त्यानें आपल्या फोनवर एक चित्र काढून दाखविलें. टाकारा कंपनीनें १९८० सालीं जपानांत डायाक्लोन नांवाची खेळण्यांची एक माला काढली होती. तींतील गाड्या व यंत्रें जिवंत नव्हतीं. तीं माणसें चालवीत. इंचभर उंचीचे, पायांत लोहचुंबक बसविलेले चालक त्यांत बसविण्यासाठीं मिळत. आमची तांबडी गाडी १९८३ सालीं त्याच मालेंत ‘बॅटल कॉन्व्हॉय’ ह्या नांवानें निघाली होती. पुढें अमेरिकेच्या हॅस्ब्रो कंपनीनें हीं खेळणीं घेतलीं, मार्व्हल ह्या चित्रकथा छापणाऱ्या संस्थेकडून त्यांना नवीं नांवें व नवी कथा करून घेतली, आणि १९८४ सालीं ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून बाजारांत आणलीं. नव्या कथेंत यंत्रेंच जिवंत झालीं. चालकांची गरज उरली नाहीं, म्हणून ते खोक्यांतून काढून टाकले. सांचे मात्र जुनेच होते. त्यामुळें बसण्याची जागा तशीच राहिली.

“म्हणजे ड्रायव्हर होता,” माझी आई दारांतून म्हणाली.

“होता, आजी,” तो म्हणाला.

त्यानें पैसे मोजून दिले. नंतर जरा चांचरत विचारलें कीं हा लांकडी माणूसही द्याल का. त्याचे वेगळे देतों. तो मूळचा नसल्यानें त्याच्या संग्रहांत त्याला किंमत नाहीं, हेंही त्यानें आपण होऊन सांगितलें. मीं नको म्हटलें. आंब्याची मूठ मात्र मीं त्याला दिली. त्या हातास दुसरी मूठ मिळेपर्यंत तिचा उपयोग होता. पण फार आंत दाबूं नये आणि पावसाळ्यांत काढून ठेवावी, असें सांगितलें.

अनामत भरली. पुस्तकें अर्धीं नवीं आणि अर्धीं वरच्या वर्गांतील मुलींकडून जुनीं घेतलीं.

ड्रायव्हर माझ्या मेजावर आहे. बसण्यासाठींच कोरलेला असल्यामुळें तो उभा राहत नाहीं, आणि नुसता ठेवला तर उताणा पडतो. मुलीनें वसतिगृहास जाण्यापूर्वीं त्याला एका काड्यापेटीवर बसवून दिला आहे.